‘नाही म्हणायला शिकवा’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाचवी ते आठवीतल्या मुलांविषयी पालकांसाठी जे छापून येते किंवा शाळांच्या सभांमधून सांगितले जाते, त्यात एक सल्ला हमखास असतो : मुलांना ‘नाही’ म्हणायला शिकवा. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्या प्रसंगासाठी दिला जातो, तो प्रसंग या वयाच्या मुलांच्या वाट्याला क्वचितच येतो. समोर उभे राहून ‘हे कर, नाहीतर बघ’ असे फारसे कोणी म्हणत नाही. शालेय समुपदेशनाचे काम करणाऱ्या आमच्या गटाला त्यामुळे याविषयी जरा सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मित्रांचा दबाव प्रत्यक्षात कसा दिसतो? मधल्या सुट्टीत एकजण कोणाच्या तरी बोलण्याची नक्कल करतो, सगळे हसतात आणि जो हसत नाही त्याच्याकडे चार माना वळतात. रोज दप्तर ठेवून धरलेली बाकावरची जागा आज धरलेली नसते. ग्रुपवर इतरांच्या मेसेजला धडाधड उत्तरे येतात, एकीच्या मेसेजला मात्र कोणीच काही लिहीत नाही. कोणी काही मागितलेलेच नाही, मग ‘नाही’ म्हणायचे कशाला? मूल आपले आपण अंदाज बांधते, की इथे टिकायचे तर असे बोलावे लागेल, गृहपाठाची वही द्यावी लागेल, अमुक मुलीशी बोलणे बंद करावे लागेल. दबाव टाकणारा समोर नसतोच. तो मुलाच्या डोक्यात चाललेल्या हिशेबात असतो.

‘फक्त नाही म्हणा’ ही अमली पदार्थांविरुद्धची घोषणा अमेरिकेत 1980 च्या दशकात गाजली. 1983 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘डेअर’ कार्यक्रमात पोलीस अधिकारी वर्गात येऊन व्यसनांपासून दूर कसे राहायचे ते शिकवत. कार्यक्रम देशभर पसरला, पण पुढे स्वतंत्र पाहण्या झाल्या तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यात टिकणारा फरक जवळजवळ आढळला नाही. माहिती वाढली होती, वागणे तसेच राहिले होते. नंतर त्या कार्यक्रमाचा अभ्यासक्रमच बदलावा लागला. हे माहीत असूनही आपण तीच घोषणा भिंतीवर रंगवत असू, तर रंगाचा खर्च तेवढा होतो.

हे याच वयात का होते, ते आधी पाहू. दहा ते चौदा या वर्षांत मित्रांच्या मताविरुद्ध टिकून राहण्याची क्षमता फारशी वाढत नाही. ती वाढते ती चौदा ते अठरा या काळात. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि कॅथरीन मोनाहन या अमेरिकी संशोधकांनी 2007 मध्ये मांडलेला हा निष्कर्ष पालकांना दिलासा देणारा आहे आणि अडचणीत टाकणाराही. दिलासा असा, की सातवीतले मूल मित्रांच्या मागे धावते ते संस्कार कमी पडले म्हणून नव्हे. अडचण अशी, की ‘मोठा झालास, आता कळायला हवं’ असे म्हणून काही साधत नाही. स्टाइनबर्ग यांनीच मार्गो गार्डनर यांच्यासोबत 2005 मध्ये गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ खेळायला दिला होता. 13 ते 16 वर्षांची मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याच्या दुपटीच्या आसपास धोका मित्र पाहत असताना पत्करत. मोठ्या माणसांमध्ये असा फरक पडला नाही. मित्रांनी उकसवलेच पाहिजे असे नसते. ते बघत आहेत एवढे पुरते.

त्यात या वयात मुलांना वाटत असते, की सारे जग आपल्याकडेच बघते आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटले. केस नीट बसले नाहीत म्हणून शाळेत जायचे नाही, हा हट्ट लाडाचा नसतो. मुलाच्या मनात खरोखरच चाळीस प्रेक्षक बसलेले असतात. मोठ्यांचेही थोडे तसेच असते. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. किती जणांच्या लक्षात आले असेल, असे विचारल्यावर घालणाऱ्यांनी साधारण निम्म्यांचा अंदाज केला. प्रत्यक्षात जेमतेम चौथा हिस्सा लोकांच्या लक्षात आले होते. हा प्रयोग मुलांना सांगून भागत नाही. पण काल वर्गात कोणाच्या पायात कोणते मोजे होते, हे आठवून लिहायला सांगितले की कागद कोरे राहतात. मुले आपसूक हसतात, आणि मुद्दा न शिकवता पोचतो.

आता मुख्य गोष्ट. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1950 च्या दशकात केलेले रेषांचे प्रयोग अनेकांनी ऐकलेले असतात. दाखवलेल्या रेषेएवढ्याच लांबीची रेषा कोणती, एवढेच सांगायचे असते. खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देतात, डोळ्यांना ढळढळीत दिसत असूनही माणूस त्यांच्या मागे जातो. अशा फेऱ्यांमधली सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताकडे झुकली. लोक एवढेच लक्षात ठेवतात. आमच्या कामाचा भाग त्याच्या पुढे आहे. ॲश यांनी खोलीत खरे उत्तर देणारा एकच साथीदार बसवला, तेव्हा बहुमताचा जोर चौथ्या हिश्श्यावर आला. फक्त एकाने! आणि तो साथीदार मध्येच उलटून बहुमतात गेला, की चुका पुन्हा एकदम वाढल्या. काही निमित्ताने नुसता खोलीबाहेर गेला, तेव्हा मात्र त्याचा आधार काही प्रमाणात टिकून राहिला. म्हणजे सोबती गैरहजर असला तर चालते, तो फिरला तर मूल उघड्यावर पडते. प्रयोगातली माणसे मोठी होती, रेषा निरुपद्रवी होत्या, हे खरे. पण मुलाची इच्छाशक्ती वाढवण्यासाठी आपण जेवढी धडपड करतो, त्याच्या निम्मी जरी त्याला एक सोबती मिळवून देण्यात केली, तर जास्त हाती लागेल असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोबती ‘मिळवून देणे’ म्हणजे ‘याच्याशी मैत्री कर’ असे सांगणे नव्हे. त्याने मैत्री होत नाही, उलट ते मूल वर्गात ‘शिक्षकांनी लावून दिलेलं’ ठरते. करायचे ते इतके : वर्गशिक्षकाने एकटी पडणारी मुले हेरावीत, दोन-तीन आठवडे एकाच जोडीदाराबरोबर हाताने करायचे काम द्यावे (नकाशा, प्रयोगाची मांडणी, सामान मोजणे) आणि जोड्या लवकर बदलू नयेत. बोलण्याचे काम नको, हाताचे हवे. काम चालू असताना शांतता अवघड वाटत नाही. घरी पालकाने ‘तुझे मित्र किती?’ विचारण्याऐवजी ‘तुला पटलं नाही तर तुझ्या बाजूने कोण बोलेल?’ असे विचारावे. उत्तरात एक नाव आले तर पुष्कळ झाले. नाव आले नाही, तर पुढच्या महिन्याचे काम ठरले. दोन मुलांनी आपसात करार करायचा तोही लहानच असावा : ‘तू नको म्हणालास तर मी निघून जाणार नाही.’ ‘मीही तुझ्यासाठी भांडेन’ असे मोठे वचन घेऊ नये. ते मोडले की काय होते ते वर आलेच आहे.

शिक्षकांसाठी आणखी एक सोपी सवय. मत विचारायचे असेल तेव्हा हात वर करायला सांगू नका. आधी दोन मिनिटे प्रत्येकाने वहीत लिहायचे, मग हात. लिहिलेले मत बदलायला मूल थोडे तरी कचरते. हात वर करायचे म्हटले की पहिली नजर वर्गातल्या त्या तीन-चार जणांकडे जाते, आणि शिक्षकाला वर्गाचे मत नव्हे तर त्या तिघा-चौघांचे मत कळते.

‘सगळेच करतात’ हे वाक्य तर घराघरांत ऐकू येते. मुले खोटे बोलत नाहीत; त्यांना खरोखर तसे वाटते. जे आवडत नाही ते प्रत्येकजण गप्प बसून सहन करतो आणि इतरांच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘यांना चालतंय’ असा लावतो. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी 1993 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबाबत मद्यपानाच्या संदर्भात हेच दाखवले : आपल्यापेक्षा इतरांना ते अधिक पसंत आहे, असे जो तो धरून चालला होता. यावर वर्गात करण्यासारखा उपाय आहे, मात्र तो काळजीपूर्वक करावा लागतो. एकाच मापाच्या चिठ्ठ्या, एकाच रंगाची पेने, फक्त खूण आणि आकडा. अक्षर कुठेच नाही. दोनच प्रश्न. पहिला : ‘कोणाची नक्कल करून हसवलेलं तुला आवडतं का?’ हो किंवा नाही. दुसरा : ‘तुझ्या मते वर्गातल्या 40 जणांपैकी किती जणांना आवडतं?’ चिठ्ठ्या बंद डब्यात, मोजणी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांकडून. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन आकडे लिहायचे, खरा आणि अंदाजाचा, आणि भाष्य न करता तासाला सुरुवात करायची.

यात तीन चुका नेहमी होतात. ‘तू करतोस का?’ असे विचारले जाते. मग मुले घाबरून खोटे लिहितात. आवडते का, एवढेच विचारायचे. दुसरी, वर्ग पंधरा-सोळा जणांचाच असेल तर कोणी काय लिहिले याचा शोध सुरू होतो; अशा वेळी दोन तुकड्या एकत्र घ्याव्यात. तिसरी चूक सर्वांत महागात पडते : आकडे मोजण्याआधीच ‘उद्या निकाल सांगते’ असे जाहीर करणे. बहुसंख्य मुलांना ती गोष्ट खरोखर आवडत असेल, तर फळ्यावरचा आकडा दबाव कमी करण्याऐवजी त्यावर शिक्कामोर्तब करील. आधी मोजा, अंदाज आणि वस्तुस्थिती यांत ठळक अंतर असेल तरच सांगा.

आता ‘नाही’ म्हणण्याविषयी. शब्दांनी दबाव येतो असेही प्रसंग असतातच, आणि त्यांची तयारी लागते. पण मोठी माणसे मुलांच्या तोंडी जी वाक्ये देतात ती ऐकून हसू येते. ‘मित्रा, हे अयोग्य आहे, आपण असे वागता कामा नये’ असे कोणते मूल मधल्या सुट्टीत म्हणेल? म्हटले तर वर्षभर त्याला त्याच वाक्याने हाक मारतील. चालणारी वाक्ये लहान असतात, त्यांत समोरच्याचा निवाडा नसतो आणि कारणही नसते. ‘नको रे, मी नाही.’ ‘तुम्ही जा, मी इथेच आहे.’ ‘मला नाही आवडत हे.’ कारण दिले की वाद सुरू होतो. ‘आई ओरडेल’ म्हटले की ‘आईला कोण सांगणार आहे?’, ‘वेळ नाही’ म्हटले की ‘पाचच मिनिटं’. आग्रह करणाऱ्याला कारण म्हणजे पकडायला दांडी. तेच वाक्य, त्याच आवाजात, तीनदा. आणि तिसऱ्यांदा म्हणताना पाय हलले पाहिजेत, पाण्याकडे, वर्गाकडे, कुठेही. उभे राहून चौथ्यांदा म्हणू नये. ‘बघू’, ‘नंतर’ ही वाक्ये सोपी वाटतात, पण दुसऱ्या दिवशी ‘तू हो म्हणाला होतास’ म्हणून तीच परत येतात.

याचा सराव करून घेताना वर्गातल्याच एखाद्या मुलाला आग्रह करणाऱ्याची भूमिका देतात, ही मोठी गफलत आहे. नाटकात टाळ्या कोणाला मिळतात? त्रास देणाऱ्याला. ‘नको’ म्हणणारे मूल फिके पडते आणि वर्ग चुकीचा धडा घेऊन जातो. आग्रह करणारी भूमिका मोठ्या माणसाने करावी, आणि तीही जरा कंटाळवाणी. तिघांचा गट : मोठा माणूस, नकार देणारे मूल आणि शेजारी उभा राहून फक्त ‘मी पण नाही’ एवढेच म्हणणारा तिसरा. एक फेरी दीड-दोन मिनिटांची, मग भूमिका बदल. तिसऱ्याची भूमिका प्रत्येकाने करायलाच हवी, कारण प्रत्यक्षात बहुतेक मुले तिथेच उभी असतात. कॅनडातल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवरच्या चित्रीकरणातून 2001 मध्ये असे दिसले होते, की दांडगाई चालू असताना इतर मुलांनी मध्ये पडण्याचे प्रसंग कमीच. पण जेव्हा ती पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दहा सेकंदांत प्रकार थांबला. दहा सेकंदांचे काम असते, हे मुलांना आकड्यासकट सांगावे. मग ते वाटते तेवढे शौर्याचे आणि अवघड राहत नाही.

घरासाठी एक सोय. मूल कुठे गेले असेल आणि तिथे अस्वस्थ झाले, तर त्याने आईवडिलांना ठरलेला एक निरुपद्रवी मेसेज पाठवायचा, उदाहरणार्थ ‘निळी वही सापडली का?’ पालकाने लगेच फोन करायचा आणि ‘ताबडतोब घरी ये, काम आहे’ असे शेजारच्यालाही ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायचे. मूल मित्रांसमोर कुरकुर करीत निघते. त्याचा मान राहतो, वाईटपणा पालकाकडे जातो. या सोयीचा एकच नियम पालकांना जड जातो : त्या संध्याकाळी एकही प्रश्न विचारायचा नाही. बोलणे दुसऱ्या दिवशी, आणि सुरुवात ‘बरं झालं कळवलंस’ अशीच. घरी येतानाच ‘तरी मी सांगत होते’ सुरू झाले, की ती निळी वही पुन्हा कधीच हरवत नाही. आणखी एक, हा मेसेज महिन्यातून एकदा उगीच वापरून पाहावा. न वापरलेली सोय ऐनवेळी आठवत नाही.

फोनवरच्या ग्रुपचे फार वेगळे शास्त्र नाही, फक्त तिथे प्रेक्षक कधी घरी जात नाहीत. ग्रुप सोडायला लावू नका; ते म्हणजे वर्गातून उठून जाण्यासारखे दिसते. आवाज बंद ठेवणे, रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवणे आणि रागाच्या किंवा मस्करीच्या मेसेजला दहा मिनिटांनी उत्तर देणे, एवढे जमले तरी बरेच प्रसंग टळतात. फोटोबाबत मात्र सवलत नको. पाठवलेला फोटो परत येत नाही, हे एकदा सांगून विसरण्याचे वाक्य नाही.

पालकांना ऐकायला आवडत नाही, पण सांगितलेच पाहिजे असे एक आहे. घरात शब्दाबाहेर न जाणारे मूल बाहेरही शब्दाबाहेर जात नाही; फक्त शब्द दुसऱ्या कोणाचा तरी असतो. जोसेफ ॲलन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 13 वर्षांच्या मुलांचे आईशी होणारे मतभेद चित्रित करून अभ्यासले. जी मुले रडारड न करता, लगेच शरणही न जाता, कारणे देत आपली बाजू लावून धरत होती, त्यांच्यावर पुढे व्यसनांच्या बाबतीत मित्रांचा प्रभाव कमी पडला. वाद घालण्याची तालीम घरीच होते. आणि आपण तर ‘उलट बोलू नकोस’ म्हणून ती तालीम रोज बंद पाडत असतो.

ही तालीम करण्याची रीत अशी. विषय असा निवडायचा, की ज्यात पालक खरोखर माघार घेऊ शकतील : केस किती वाढवायचे, अभ्यास आधी की खेळ आधी, सुट्टीच्या दिवशी झोपायची वेळ. सुरक्षिततेचे विषय यात आणायचे नाहीत. मूल दोन मिनिटे बोलेल, मध्ये कोणी बोलायचे नाही. मग पालकाने त्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगायचे, आणि ‘हो, असंच म्हणायचंय मला’ असे मुलाने म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाही. आम्हांला विचाराल तर सगळी मेख या पायरीत आहे. पहिल्या प्रयत्नात फार थोड्या पालकांना ती जमते. मग पालकाची बाजू, तीही दोन मिनिटे. निर्णय पंधरा दिवसांपुरता, लिहून दारामागे लावलेला. आणि पालकाने अधूनमधून हरायला हवे. निर्णय आधीच ठरवून ऐकण्याचे नाटक केलेले मुलांना पहिल्याच वेळी कळते, मग ती पुढच्या वेळी बोलायची थांबतात.

पाळत ठेवून मुलांचे कळते, हाही गैरसमजच. हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी 2000 मध्ये स्वीडनमधल्या 14 वर्षांच्या मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की पालकांना मुलांविषयी जे माहीत असते त्यातले बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेले असते. चौकश्या आणि बंधने यांतून त्यामानाने थोडेच कळते. म्हणून प्रश्न कमी, एकत्र करायची कामे जास्त. समोरासमोर बसून ‘बोल’ म्हटले की मूल गप्प होते. शेजारी चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना बोलते. चोरून फोन वाचण्याने एक माहिती मिळते आणि पुढच्या दहा बंद होतात.

राहिला प्रश्न ‘स्वतःची ओळख’ घडवण्याचा. ‘तू तुझ्यासारखा राहा’ हे वाक्य अकरा वर्षांच्या मुलाला देऊन उपयोग नाही. आपण कोणासारखे आहोत तेच तर त्याला शोधायचे आहे. एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये किशोरवयाचे मुख्य काम ओळख शोधणे हेच सांगितले. जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये त्यात महत्त्वाची भर घातली : निरनिराळ्या वाटा चाचपून मग पक्की झालेली ओळख आणि काहीच न चाचपता दुसऱ्याने दिलेली, घट्ट धरून ठेवलेली ओळख, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच ठाम दिसतात. ‘आमची ही गणितातली’ असे म्हणत वाढवलेली मुलगी आठवीत गणितात अडखळली, की तिची फक्त परीक्षा बिघडत नाही, ती स्वतःच नाहीशी झाल्यासारखी वाटते तिला. मग जो गट पटकन नवी ओळख देईल, तिकडे ती जाते.

म्हणून आमचा आग्रह असतो, की मुलाला किमान दोन वेगळी वर्तुळे हवीत, ज्यांतली माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. शाळा आणि मैदान, शाळा आणि वाद्याचा वर्ग, शाळा आणि नात्यातली भावंडे. एका ठिकाणी कट्टी झाली तरी दुसरीकडे ते मूल कोणीतरी असते. वर्गातल्याच पाच मैत्रिणींबरोबर लावलेला चित्रकलेचा वर्ग दुसरे वर्तुळ होत नाही, हे सांगायला नको. तरी सोयीसाठी सर्रास तेच केले जाते. आणि नवा छंद चार महिन्यांत सोडला तर ‘धरसोड’ म्हणून टोमणे मारू नयेत. या वयात धरणे आणि सोडणे हेच शोधणे असते. फक्त सोडण्याची वेळ आधी ठरवावी : अमुक महिने पुरे करायचे, मग निर्णय.

शाळांमध्ये ‘मी कोण?’ असे तक्ते करून भिंतीवर लावतात. ते आम्हांला फारसे पटत नाहीत. भिंतीवर लागणार म्हटले की मूल टाळ्या मिळतील तेच लिहिते, म्हणजे दबावाचाच आणखी एक तास. त्यापेक्षा खासगी लेखन करून घ्यावे. जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांना स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या मूल्यांविषयी वर्गात थोडा वेळ लिहायला दिले. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर कमी लेखले जाण्याचे दडपण होते, त्यांच्या गुणांत सुधारणा दिसली. पुढे इतर ठिकाणी हाच प्रयोग केल्यावर परिणाम कुठे दिसला, कुठे दिसला नाही. तेव्हा याला जादू समजू नये. पण खर्च शून्य आणि वेळ पंधरा मिनिटांचा. फळ्यावर आठ-दहा शब्द (मैत्री, घर, विनोद, खेळ, प्रामाणिकपणा, कला असे), त्यांतून दोन निवडायचे, ते का महत्त्वाचे आणि गेल्या महिन्यात कधी उपयोगी पडले ते लिहायचे. शुद्धलेखन तपासायचे नाही, गुण द्यायचे नाहीत, वाचून दाखवायला लावायचे नाही. यांपैकी एक जरी मोडले, तर तो निबंध होतो.

सगळ्याच बाबतींत मुलाने वेगळे असावे, हाही हट्ट नको. मित्रांसारखे केस, तोच एक शब्द दहादा, तीच गाणी. हे सोडून द्यावे. आम्ही पालकांना तीन प्रश्नांची चाळणी सुचवतो : उद्या परत फिरवता येईल का? कोणाला इजा होते का? लपवावे लागते का? केस वाढतात, म्हणून ते चाळणीतून सुटतात. पाठवलेला फोटो अडकतो. जे अडकेल तेवढ्यावरच जोर लावायचा. रोज पंधरा गोष्टींवर ‘नाही’ ऐकणाऱ्या मुलाला सोळावा ‘नाही’ वेगळा वाटत नाही.

‘वाईट संगत’ हा शब्दही जपून वापरावा. मित्र एकसारखे दिसतात ते एकमेकांमुळे बदलले म्हणून, तसेच आधीपासून सारखे होते म्हणून एकमेकांना सापडले, म्हणूनही. बंदी घातली की ती मैत्री लपून चालते आणि पालकाच्या नजरेतून तेवढी निसटते. त्या मित्राला घरी येऊ देणे हे बऱ्याचदा अधिक शहाणपणाचे. शाळांनी मात्र एक नक्की टाळावे : त्रास देणाऱ्या दहा मुलांना एकत्र बसवून त्यांचे ‘सुधारणा शिबिर’. टॉमस डिशन, जोन मॅककॉर्ड आणि फ्रँस्वा पुलँ यांनी 1999 मध्ये दाखवून दिले, की अशा गटांत मुले एकमेकांच्या गैरवर्तनाच्या गोष्टींना हसून दाद देतात आणि ते वागणे वाढते. हेतू चांगला असला तरी नुकसान होते.

याउलट चांगल्या दिशेचा दबावही बसवता येतो. एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यू जर्सीतल्या 56 माध्यमिक शाळा होत्या. निम्म्या शाळांत मुलांच्या छोट्या गटाला भांडणे आणि छळ यांविरुद्ध आपापल्या परीने काम करायला दिले. त्या शाळांत शिस्तीच्या नोंदी झालेली भांडणे सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाली, आणि गटात ज्यांच्याकडे इतर मुलांचे लक्ष असते अशी मुले जितकी जास्त, तितका परिणाम अधिक. ही मुले शिक्षकांनी निवडली नव्हती. ‘तू गेल्या काही आठवड्यांत कोणाबरोबर वेळ घालवलास?’ असे सगळ्यांना विचारून ती शोधली होती. आपल्याकडे असे गट शिक्षक निवडतात, म्हणजे बहुधा पहिल्या बाकावरची मुले; आणि मागच्या तीन रांगा तो कार्यक्रम पाहुण्यासारखा बघतात.

मूल अडचणीत असल्याची लक्षणे ओळखावीत. वस्तू किंवा पैसे वारंवार हरवणे, शाळेच्या दिवशीच पोट दुखणे, झोप उडणे, जुने मित्र एकदम तुटणे, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा, ‘मी नसलो तर बरं’ अशा अर्थाचे बोलणे : यांतले शेवटचे दोन दिसले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. बाकीची लक्षणे दोन आठवडे टिकली, तरीही गाठावा.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. शाळकरी मुलांच्या एखाद्या व्यसनाची किंवा जीवघेण्या ‘चॅलेंज’ची बातमी येते, तेव्हा मथळ्यात ‘लोण’, ‘विळखा’, ‘लाट’ असे शब्द असतात. मोठ्यांना त्यातून इशारा मिळतो. सातवीतले मूल मात्र त्यात ‘सगळेच करतात’ एवढेच वाचते. बातमीत पाहणीचा आकडा असेल, तर न करणाऱ्यांचा आकडा मथळ्यात घ्यावा. शंभरातले आठ करतात, हे खरे असेल तर ब्याण्णव करीत नाहीत, हेही तितकेच खरे आहे, आणि त्या ब्याण्णवांना एकमेकांचा पत्ता नाही.

आपले,
शालेय समुपदेशनाचे काम करणारा एक गट